खुर्च्या बदलल्याची बातमी आली : नव्या भागधारकाने टप्प्याटप्प्याने काय तपासायचं?

२८ मार्च २०१८ रोजी आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळाने निवेदन काढलं की बँकेच्या प्रमुख चंदा कोचर यांच्यावर मंडळाचा पूर्ण विश्वास आहे. व्हिडिओकॉन समूहाला २०१२ साली दिलेलं ३,२५० कोटींचं कर्ज आणि त्यांच्या पतीचे व्यावसायिक संबंध यांवरून तेव्हा बातम्या येत होत्या. ३० मे रोजी त्याच मंडळाने स्वतंत्र चौकशी करायचं ठरवलं आणि पुढे ते काम निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे गेलं. १८ जूनला कोचर चौकशी संपेपर्यंत रजेवर गेल्या. समूहाच्या आयुर्विमा कंपनीतून संदीप बक्षींना आणून रोजचा कारभार त्यांच्याकडे दिला गेला. जून संपता संपता बँकेच्या अध्यक्षपदीही नवा माणूस ठरला. ४ ऑक्टोबरला कोचर यांनी पद सोडलं आणि बक्षी पाच वर्षांसाठी प्रमुख झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी, अहवाल हाती आल्यावर, बँकेने जाहीर केलं की त्यांचं जाणं हा राजीनामा नसून कारण दाखवून केलेली बडतर्फी मानली जाईल आणि एप्रिल २००९ पासूनचा बोनस परत घेतला जाईल. न्यायालयातला भाग पुढे चालू राहिला, त्यात मी इथे शिरत नाही.

पूर्ण विश्वासापासून बोनस परत मागण्यापर्यंत दहा महिने गेले. या काळात बँकेने उचललेल्या प्रत्येक पावलाचा कागद शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर होता आणि तो कोणालाही फुकट वाचता येत होता. ज्यांनी शेअर घ्यायला नुकती सुरुवात केली आहे, किंवा ज्यांच्या कंपनीचं नाव अचानक वर्तमानपत्रात आलं आहे अशा नव्या नोकरदारांनी, हे कागद कोणत्या क्रमाने पाहावेत ते पुढे लिहितो. शेअर विकायचा की ठेवायचा हे यात सापडणार नाही. कंपनीने फक्त माणूस बदलला की त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्थाही बदलली, एवढं मात्र ओळखता येईल. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

पहिली पायरी : कंपनीचा मूळ कागद काढा

एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स' हा विभाग उघडा. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमांप्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीतला महत्त्वाचा निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत तिथे यावा लागतो. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांची मुभा आहे. कंपनीच्या आत घडलेली इतर महत्त्वाची घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत कळवायची असते. वरिष्ठांच्या राजीनाम्यालाही २४ तासच मिळतात. बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांवर आणखी एक बंधन आहे. एखाद्या बातमीमुळे शेअरच्या भावात मोठी हालचाल झाली, तर ती बातमी खरी की खोटी हे त्यांना २४ तासांत सांगावं लागतं.

एक वही करा. तारीख, काय घडलं आणि ते कोणी सांगितलं, एवढे तीन रकाने पुरेत. तिसरा रकाना विसरू नका. 'सूत्रांनी सांगितलं' आणि 'कंपनी सेक्रेटरीच्या सहीने कळवलं' यांची किंमत सारखी नसते, आणि आठवड्याभरानंतर कोणती गोष्ट कुठून आली होती हे आपल्या लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी : कोण गेलं, आणि कोणाच्या आधी गेलं

सगळ्यांचं लक्ष मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असतं. नवख्याने आधी बाकीच्यांकडे पाहावं. हे मी सत्यमच्या प्रकरणातून शिकलो.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळाने मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा या प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांच्या, कुटुंबाशी संबंधित कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. रक्कम होती १.६ अब्ज डॉलर. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत निर्णय फिरवावा लागला. त्यानंतर डिसेंबर संपायच्या आत चार स्वतंत्र संचालक (प्रवर्तकांशी किंवा व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेले संचालक) बाहेर पडले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं : ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. म्हणजे राजीनाम्यांचा क्रम लिहून ठेवणाऱ्याला त्या पत्राच्या आधीच काहीतरी बिनसल्याचं दिसत होतं. याच मंडळाने सोळा तारखेला मंजुरी दिली होती, हेही विसरू नये. राजीनामा दिला म्हणून कोणी आपोआप निर्दोष ठरत नाही. राजीनाम्याकडे इशारा म्हणून पाहावं, त्याहून मोठा अर्थ त्यातून काढू नये.

स्वतंत्र संचालक आज मुदतीआधी गेला, तर कंपनीला सात दिवसांत त्याची सविस्तर कारणं जाहीर करावी लागतात. याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही, असं त्या संचालकाला लिहून द्यावं लागतं. तो आणखी कोणत्या सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या मंडळांवर आहे, तेही सांगावं लागतं. ही यादी नक्की वाचा. 'कामाच्या व्यापामुळे वेळ देता येत नाही' असं पत्रात असेल आणि त्याने एवढी एकच कंपनी सोडून बाकी चार ठेवल्या असतील, तर वहीत त्या नोंदीवर खूण करा.

वित्तप्रमुख आणि कंपनी सेक्रेटरी थोड्या अंतराने गेले, तर तीही नोंद ठळक करा. सगळ्यांत जड राजीनामा मी वैधानिक लेखापरीक्षकाचा, म्हणजे कायद्याप्रमाणे कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या बाहेरच्या ऑडिटरचा, मानतो. त्याची नेमणूक एरवी पाच वर्षांची असते, ठरलेल्या कामाचे पैसे त्याला मिळत असतात, आणि तरीही तो मध्येच निघतो. २०१९ पासून सेबीचा दंडक असा आहे की लेखापरीक्षकाने निकालांचं अपुरं काम टाकून एकाएकी निघून जायचं नाही. त्याच्या पत्रात 'मागितलेली माहिती मिळाली नाही' या अर्थाचं वाक्य आहे का, ते शोधा.

तिसरी पायरी : चौकशी करणारा कोणाला उत्तर देतो

'स्वतंत्र चौकशी' हे शब्द निवेदनात घालणं सोपं असतं. चौकशी करणाऱ्याला कोणी नेमलं, तो अहवाल कोणाच्या हाती देणार, आणि अहवालाचा निदान सारांश तरी जाहीर होणार का, हे त्या निवेदनात शोधावं लागतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखालचा विभाग चौकशी करत असेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नेतृत्व बदललं म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नसतं. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसमध्ये पनाया या कंपनीच्या खरेदीवरून जागल्याच्या (आतली गैरगोष्ट उघड करणाऱ्याच्या) तक्रारी आल्या, संस्थापकांनी जाहीर नाराजी दाखवली, आणि १८ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्य कार्यकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. २४ तारखेला सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले, आधीचे अध्यक्ष आणि आणखी दोन संचालक त्याच दिवशी गेले. नव्या मंडळाने जुन्या चौकश्या पुन्हा तपासल्या आणि ऑक्टोबरमध्ये सांगितलं की गैरव्यवहार आढळला नाही. नेतृत्व बदललं ही एक नोंद आणि चौकशीत काय निघालं ही दुसरी, वहीत या दोन्ही वेगवेगळ्या हव्यात.

चौथी पायरी : नवा माणूस, आणि जुन्याची उरलेली पकड

नवा प्रमुख घरचा की बाहेरचा, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. वेल्स फार्गोचं उदाहरण घ्या. या अमेरिकी बँकेच्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची उद्दिष्टं गाठण्यासाठी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच काढले गेले होते. ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन स्टम्फ गेले. त्यांच्याकडची मुख्य कार्यकारी आणि अध्यक्ष ही दोन पदं वेगळी करण्यात आली. मुख्य कार्यकारी झाले टिम स्लोन, जे जवळपास तीस वर्षं त्याच बँकेत होते. अध्यक्ष झाले स्टीफन सँगर, तेही आधीपासून त्याच मंडळावर होते. कागदावर सुधारणा चांगली दिसत होती. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकेच्या मालमत्तेच्या वाढीवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी चार संचालक बदलले जातील असं जाहीर केलं. स्लोन २०१९ मध्ये गेले, त्यानंतर बाहेरून चार्ल्स शार्फ आले.

यावरून घरचा माणूस वाईट असा नियम करू नका. सत्यमकडे परत चला. राजूंच्या पत्रानंतर केंद्र सरकारने जुनं मंडळ हटवलं. ११ जानेवारी २००९ रोजी दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमलं आणि काही दिवसांत आणखी तिघांना. या मंडळाने हिशेब नव्याने तपासायला आधी नवे लेखापरीक्षक आणले. मुख्य कार्यकारी नेमला तो फेब्रुवारीत, आणि तो सत्यममध्येच वाढलेला होता. ग्राहक त्याला ओळखत होते, कर्मचारी ओळखत होते, त्यामुळे काम थांबलं नाही. वर पूर्ण नवं मंडळ आणि शेजारी नवे लेखापरीक्षक असताना घरच्या माणसाचा फायदाच झाला. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली. आधी देखरेख आणि मग नेता, हा क्रम मला आजही या विषयातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बहुतेक कंपन्या नेमका उलटा क्रम लावतात, कारण नेत्याचा फोटो बातमीत छापता येतो.

जुना माणूस खरोखर गेला का, तेही पाहा. उबरचे ट्रॅव्हिस कॅलनिक जून २०१७ मध्ये मुख्य कार्यकारी पदावरून गेले, पण मंडळावर राहिले, आणि सप्टेंबरमध्ये आपल्या अधिकारात त्यांनी दोन नवे संचालक बसवले. मंडळाने मतांच्या अधिकारांचे नियम बदलल्यावरच ती पकड सैल झाली. आपल्याकडे यासाठी 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' हा तिमाही तक्ता उघडायचा. प्रवर्तकाने पद सोडलं आणि त्याचा हिस्सा पन्नास टक्क्यांच्या वर असेल, तर सल्लागार, मार्गदर्शक किंवा मानद अध्यक्ष या नावाने तो कुठे बसला आहे ते शोधा.

पाचवी पायरी : देखरेखीची व्यवस्था उघडून बघा

वार्षिक अहवालात 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' नावाचं प्रकरण असतं. बहुतेक जण ते उलटून पुढे जातात. इथेच थांबायचं आहे.

लेखापरीक्षण समितीत, म्हणजे हिशेबांवर आणि त्यांच्या तपासणीवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या समितीत, किमान तीन संचालक हवेत, त्यातले दोन तृतीयांश स्वतंत्र, आणि समितीचा अध्यक्षही स्वतंत्रच. नियम एवढंच सांगतो. तुम्ही पुढचं पाहा. बातमी आली तेव्हा समितीत जे होते तेच आजही आहेत का? वर्षात निदान चार बैठका व्हाव्या लागतात, त्यांना कोण किती हजर होतं? हजेरीचा तक्ता तिथेच छापलेला असतो. कंपनीतल्या तक्रारींसाठी जी यंत्रणा कायद्याने ठेवावी लागते, तिथून तक्रारदार थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाकडे जाऊ शकतो का, की आधी मनुष्यबळ विभागाच्या दारातून जावं लागतं? अंतर्गत लेखापरीक्षक कोणाला अहवाल देतो? तुम्ही त्या कंपनीत नोकरीला असाल, तर हे शेवटचे दोन प्रश्न तुमच्यासाठी शेअरच्या भावापेक्षा मोठे आहेत. तक्रार करायची वेळ तुमच्यावर आली, तर कागद कोणत्या टेबलावर पडणार हे त्यांच्या उत्तरावर ठरतं.

नवीन पद निर्माण झालं की लगेच भुलू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांतली प्रदूषण-चाचणी फसवणारी प्रणाली उघड झाली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तपासणी केली आणि कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. प्रमुख मार्टिन विंटरकोर्न पाच दिवसांत गेले. कंपनीने व्यवस्थापन मंडळावर सचोटी आणि कायदा या विषयासाठी नवी जागा तयार केली आणि जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाच्या माजी न्यायाधीश क्रिस्टीन होमान-डेनहार्ट यांना तिथे आणलं. याहून चांगली निवड सुचणं कठीण होतं. जबाबदाऱ्यांवर एकमत न झाल्याने तेरा महिन्यांत त्या बाहेर पडल्या. त्याच वेळी देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षी मंडळाच्या अध्यक्षपदी कंपनीचे आधीचे वित्तप्रमुख हान्स डीटर प्योच बसले होते. म्हणून नव्या पदाची बातमी आली की त्या माणसाला अधिकार काय, तो कोणाला उत्तर देतो आणि वर्षभराने तो तिथे आहे का, हे वहीत लिहून ठेवा.

सहावी पायरी : पैसा कुठे गेला

ही पायरी छोटी आहे, पण टाळू नका. जाणाऱ्याला किती दिलं आणि त्याच्याकडून किती परत घेतलं, ते शोधा. वेल्स फार्गोने स्टम्फ यांच्या मोबदल्यातले ४ कोटी १० लाख डॉलर आधी रोखले आणि एप्रिल २०१७ मध्ये आणखी २ कोटी ८० लाख. मोबदला परत घेण्याचं कलम तुमच्या कंपनीच्या वेतन धोरणात आहे की नाही, हे वार्षिक अहवालातल्या वेतनाच्या भागात पाहा. नसेल, तर पुढच्या सभेत विचारायचा प्रश्न तुम्हाला मिळाला.

सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर

आपल्याकडे अनेकांचा पैसा शेअरपेक्षा इथे जास्त असतो. इथे बाजाराचं संकेतस्थळ नाही, ३० मिनिटांचा नियम नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा खातेदारांना सहा महिन्यांसाठी सुरुवातीला १,००० रुपयेच काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज एकवीस हजारांहून अधिक खोट्या खात्यांच्या आड दडवलेलं होतं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने १०० कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना निवडून आलेल्या संचालकांशिवाय जाणकारांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं. तुमच्या बँकेत ते आहे का, त्यात बँकिंग जाणणारं कोण आहे, हे शाखेत जाऊन विचारा. ठेवींचं विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत आहे. पण ते बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. हा फरक घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच सांगा.

हे मी कळकळीने लिहितो, त्याला कारण आहे. आमच्या गावाकडच्या एका पतसंस्थेबद्दल स्थानिक दैनिकात बातमी आली होती की संचालकांच्या नातेवाइकांना कर्जं दिली आहेत. अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि त्यांचा पुतण्या अध्यक्ष झाला. वार्षिक सभेत विषय वाचला गेला, सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणाले, आणि हात मीही वर केला. लेखापरीक्षक तोच होता, कर्ज समिती तीच होती, आणि हे विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी पैसे काढण्यावर बंधनं आली. आत्याची मुदत ठेव तिथे होती, तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली.

सातवी पायरी : मत द्या

कंपनीत नवा संचालक आला की तीन महिन्यांत किंवा पुढच्या सर्वसाधारण सभेत, जे आधी येईल तेव्हा, भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. सूचिबद्ध कंपनीतल्या स्वतंत्र संचालकाला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने हवीत. तुमच्या ईमेलवर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर्स इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थांकडून ई-व्होटिंगची सूचना येते. आपण ती न वाचता पुसून टाकतो. टपाली मतदानात ३० दिवस मिळतात, सभेआधीच्या ई-व्होटिंगमध्ये खिडकी अवघी तीन दिवसांचीही असू शकते.

सूचनेबरोबर नव्या संचालकाची माहिती जोडलेली असते. प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांत तो आधी होता का, त्याच लेखापरीक्षण संस्थेत भागीदार होता का, ते वाचा आणि मग बटण दाबा. वार्षिक सभा आता बहुधा ऑनलाइन होते, बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाने भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी वार्षिक सभेत हजर राहावं असा नियम आहे. प्रश्न थेट त्याच्या नावाने विचारा. कंपनीच्या अध्यक्षाला विचारलात, तर उत्तर गुळगुळीत येतं.

आठवी पायरी : वहीची पुढची तारीख

वेल्स फार्गोवरची मर्यादा फेब्रुवारी २०१८ मध्ये आली आणि जून २०२५ मध्ये उठली. सात वर्षांहून अधिक काळ. बातमी तोवर कधीच जुनी झाली होती. म्हणून पहिल्या दिवशीच वहीत पुढच्या तीन तारखा घाला : पुढचा तिमाही निकाल, पुढची वार्षिक सभा, आणि त्यानंतरचा वार्षिक अहवाल. तिसऱ्या तारखेला फार वेळ लागत नाही. मागच्या आणि नव्या अहवालातले लेखापरीक्षण समितीच्या हजेरीचे तक्ते शेजारी ठेवायचे, नावं जुळवायची, आणि तक्रार यंत्रणेवरचा परिच्छेद दोन्ही वर्षी शब्दशः तोच छापला आहे का ते बघायचं.